इंग्रजी लिहिताना होणाऱ्या चुका: एका फेरीत एकच चूक पकडा

मराठी माध्यमातून बारावी करून कॉलेजात आलेल्या मुलाला इंग्रजी येत नाही, असं आपल्याकडे जळगाव-धुळ्यात सर्रास बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे एफ.वाय.ला येईपर्यंत त्या मुलाने बारा वर्षं हा विषय घेतलेला असतो. शब्द त्याच्याकडे असतात, नियमही पाठ असतात. ‘डिड’नंतर क्रियापदाचं कोणतं रूप येतं, असं विचारलं तर तो पटकन ‘पहिलं’ म्हणून सांगतो. आणि त्याच दिवशी अर्जात लिहितो, ‘आय डिडन्ट केम टु कॉलेज.’

म्हणजे अडचण नियम माहीत नसण्याची नाही. हात लिहीत असताना डोक्यात वाक्य आधी मराठीत तयार होतं. कुणाचं अहिराणीत होतं, यावल-रावेरकडे लेवा बोलीत होतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांना तर घरी पावरी किंवा भिली, शाळेत मराठी आणि वर इंग्रजी, असे दोन उंबरे ओलांडावे लागतात. तयार वाक्याच्या एकेका शब्दाला इंग्रजी शब्द लावत गेलं, की सांगाडा आपला आणि शब्द परके, असं होतं.

यात एक सोय मात्र आहे. सांगाडा सगळ्यांचा एकच, त्यामुळे चुकाही त्याच त्याच होतात. नंदुरबारची वही आणि चाळीसगावची वही शेजारी ठेवली, तर अक्षर सोडून फारसा फरक दिसत नाही. चुका आधीच माहीत असतील तर त्या ठरवून शोधता येतात. हा लेख तेवढ्यासाठीच आहे. एफ.वाय.ला नव्याने आलेल्यांसाठी, स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांसाठी आणि क्लासमध्ये नुकतंच शिकवायला लागलेल्यांसाठीही. इथे इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, तुम्ही वहीत मात्र ती इंग्रजी लिपीतच लिहा, नाहीतर स्पेलिंगच्या चुका दिसणारच नाहीत.

आधी वही

शंभर पानी साधी वही घ्या आणि एक ओळ सोडून लिहा. मोकळी ओळ दुरुस्तीसाठी. रोज आठ-दहा वाक्यं पुरेत. विषय आपला घ्या: आज काय झालं, बस का चुकली, केळीचा भाव किती आला, मेसमध्ये काय होतं. ‘माझा आवडता नेता’ किंवा ‘विज्ञान: शाप की वरदान’ घेऊ नका. ते निबंध गाइडमधून पाठ झालेले असतात. अक्षर तुमचं, वाक्यं दुसऱ्याची. त्यात तुमच्या चुका सापडायच्या कशा?

लिहिताना थांबू नका, खोडू नका, शब्द अडला तर तिथे मराठी शब्द टाका आणि पुढे जा. तपासायचं दुसऱ्या दिवशी. लगेच तपासलं तर डोळा लिहिलेलं वाचत नाही, मनात असलेलं वाचतो.

आणि तपासताना सगळ्या चुका एकदम शोधायला जाऊ नका. कापूस एका वेचणीत घरी येत नाही, तसंच हेही. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं बघा, दुसरीत फक्त काळ, तिसरीत फक्त जोडशब्द. मध्येच स्पेलिंगची चूक दिसली तरी तिच्याकडे काणाडोळा करा. हे जमायला सुरुवातीला जड जातं, पण सगळं एकदम बघणाऱ्याला निम्मंही दिसत नाही.

हा परिच्छेद घ्या. असे परिच्छेद दर वर्षी वह्यांमध्ये असतातच:

‘माय फादर आर फार्मर. दे हॅव बनाना फार्म निअर रावेर. आय ॲम हॅविंग थ्री सिस्टर्स. वन ऑफ माय सिस्टर इज मॅरीड विथ टीचर. आय ॲम स्टडिंग इन जळगाव सिन्स टू इयर्स. ऑल्दो आय लीव्ह इन होस्टेल, बट आय गो टु होम एव्हरी संडे. लास्ट वीक आय डिडन्ट वेंट बिकॉज बस डिडन्ट केम.’

मुद्दा कळतो. मुलगा हुशार आहे, सांगायला त्याच्याकडे काही आहे. पण सात वाक्यांत एकही वाक्य सरळ उभं नाही. आता फेऱ्या मारू.

पहिली फेरी: कोण, आणि त्याचं क्रियापद

प्रत्येक वाक्यातल्या क्रियापदाखाली रेघ मारा आणि त्याला ‘कोण?’ विचारा. एवढंच करायचं.

‘माय फादर आर.’ इथे चूक व्याकरणाची कमी आणि संस्काराची जास्त आहे. आपण बाबांना ‘ते आहेत’ म्हणतो, म्हणून इंग्रजीतही ‘आर’ आणि ‘दे’ येतं. गंमत बघा, आईबद्दल लिहिताना हाच मुलगा सहसा चुकत नाही, कारण घरात आई ‘ती’ असते. इंग्रजीत आदर क्रियापदातून दाखवायची सोयच नाही. बाबा एकटे असतील तर ‘इज’ आणि ‘ही’. प्राचार्यही ‘ही’, कलेक्टर मॅडमही ‘शी’. सुरुवातीला उद्धटपणा केल्यासारखं वाटतं, पण इंग्रजी वाचणाऱ्याला तसं वाटत नाही. उलट ‘दे’ वाचून तो विचारात पडतो की वडील किती आहेत.

पुढची चूक ‘एस’ची. ‘माय ब्रदर वर्क इन अ जिनिंग फॅक्टरी.’ हवं होतं ‘वर्क्स’. प्रमाण मराठीत ‘मी करतो’ आणि ‘तो करतो’ यांचं रूप एकच. अहिराणीत तर ‘मी करस, तू करस, तो करस’, तिघांनाही एकच. घरात असं ऐकत वाढलेल्या कानाला इंग्रजीत फक्त तिसऱ्याला वेगळी शेपटी का लावायची, हे उगाचच वाटणार. नियम छोटा आहे: माणूस किंवा वस्तू एक असेल, ती ‘मी’ किंवा ‘तू’ नसेल आणि काळ वर्तमान असेल, तर ‘एस’ लावा. चुकण्याची खरी जागा लांब वाक्यांत असते. ‘द फार्मर हू ग्रोज बनानाज निअर द टू रिव्हर्स सेल्स देम इन रावेर.’ इथे ‘रिव्हर्स’ बघून हात ‘सेल’ लिहितो. विकणारा शेतकरी आहे, नद्या नाहीत. म्हणून ‘कोण?’ विचारायचं.

मग येतं ‘डिडन्ट वेंट’. मराठीत ‘बस आली नाही’ म्हणताना ‘आली’ भूतकाळी असतं आणि त्याला ‘नाही’ जोडलं जातं. त्यामुळे ‘केम’ आपोआप येतं. इंग्रजीत काळाची खूण एका क्रियापदाच्या जागी एकदाच लावायची. ‘डिड’ने ती उचलली, की पुढचं क्रियापद मोकळं: ‘डिडन्ट कम’. ‘डझ’ने ‘एस’ उचलला, की ‘डझन्ट गो’, ‘डझन्ट गोज’ नाही. ‘वॉन्टेड टु गो’, ‘वॉन्टेड टु वेंट’ नाही. ‘कुड सी’, ‘कुड सॉ’ नाही. ‘खूण एकदाच’ एवढे दोन शब्द वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले तर दहा-बारा वेगवेगळे नियम पाठ करायची गरज उरत नाही.

शेवटी ‘आय ॲम हॅविंग’. जवळ असणं, माहीत असणं, हवं असणं, आवडणं, समजणं, पटणं या गोष्टी इंग्रजीत ‘चालू’ दाखवत नाहीत. ‘आय हॅव थ्री सिस्टर्स’, ‘आय नो हिम’, ‘आय अंडरस्टँड’. ‘आय ॲम हॅविंग लंच’ मात्र बरोबर, कारण तिथे जेवण खरोखर चालू आहे. याच घरातली आणखी एक चूक म्हणजे ‘आय ॲम अग्री’. ‘मी सहमत आहे’ मधला ‘आहे’ उतरून आलेला. ‘आय अग्री’ एवढंच पुरे.

दुसरी फेरी: वेळ

क्लासच्या भिंतीवर बारा काळांचा तक्ता असतो. तो बघून घाबरू नका. साधा वर्तमान, चालू वर्तमान, साधा भूत, ‘हॅव’वाला काळ आणि ‘विल’, एवढ्यावर पदवीपर्यंतचं बहुतेक लेखन निघतं. बाकीचे नंतर, गरज पडेल तसे.

खरी मारामारी ‘पासून’ या एका शब्दावर होते. ‘मी दोन वर्षांपासून जळगावात शिकतोय.’ मराठीत हे सरळ वर्तमानकाळी वाक्य आहे. ते तसंच उचललं की ‘आय ॲम स्टडिंग इन जळगाव सिन्स टू इयर्स’ होतं आणि त्यात एकाच्या दोन चुका होतात.

पहिली चूक क्रियापदाची. मागे सुरू झालेली आणि अजून चालू असलेली गोष्ट इंग्रजीत ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’ लावून सांगतात: ‘आय हॅव बीन स्टडिंग’. दुसरी चूक ‘सिन्स’ची. ‘पासून’च्या आधी काय आहे ते बघा. कॅलेंडरवर बोट ठेवता येईल असा क्षण असेल, जसं सोमवार, जून, २०२३, सकाळ, तर ‘सिन्स’. मोजता येईल अशी लांबी असेल, जसं दोन वर्षं, तीन तास, आठ दिवस, तर ‘फॉर’. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ चालतं, म्हणून दोन्हीकडे ‘सिन्स’ जातं. ‘आय हॅव बीन स्टडिंग इन जळगाव फॉर टू इयर्स.’ ‘सकाळपासून लाइट नाही’ हे खान्देशात कुणालाही सुचणारं वाक्य: ‘देअर हॅज बीन नो इलेक्ट्रिसिटी सिन्स द मॉर्निंग.’ आणि ‘चार तासांपासून लाइट नाही’ असेल तर शेवटी ‘फॉर फोर अवर्स’. आठवडाभर रोज ‘पासून’ची पाच वाक्यं लिहा. ही एक गोष्ट सुटली, तरी वही बरीच हलकी होते.

‘हॅव’ हाताला लागलं की ते नको तिथेही जातं. बायोडेटात हमखास: ‘आय हॅव पास्ड ट्वेल्थ इन २०२४.’ वर्ष, तारीख, ‘काल’, ‘मागच्या आठवड्यात’ असं काही सांगितलं असेल तर साधा भूतकाळ: ‘आय पास्ड ट्वेल्थ इन २०२४.’ वेळ सांगितलीच नसेल तर ‘आय हॅव पास्ड ट्वेल्थ’ ठीक.

आणि ‘विल’. ‘भुसावळला पोहोचेन तेव्हा फोन करेन’ यात दोन्ही क्रियापदं भविष्यातली, म्हणून ‘व्हेन आय विल रीच भुसावळ, आय विल कॉल यू’. इंग्रजीत ‘व्हेन’ आणि ‘इफ’च्या बाजूला ‘विल’ बसवत नाहीत: ‘व्हेन आय रीच भुसावळ, आय विल कॉल यू.’ पुन्हा खूण एकदाच.

तिसरी फेरी: दोन वाक्यांना जोड एक

मराठीला जोड्या आवडतात. जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, जसं-तसं. वाक्याचा एक पाय इकडे, दुसरा तिकडे, ही आपल्या भाषेची ऐट आहे. इंग्रजीत दोन वाक्यांना एकच जोड लागतो. ‘ऑल्दो’ लिहिलं की ‘बट’ गेला. ‘ॲज’ किंवा ‘बिकॉज’ने सुरुवात केली की ‘सो’ गेला. ‘ऑल्दो आय लिव्ह इन अ होस्टेल, आय गो होम एव्हरी संडे.’ ‘ॲज इट वॉज रेनिंग, वी स्टेड ॲट होम.’ ‘इफ’नंतरचा ‘देन’ चूक नाही, पण बहुतेकदा नसला तरी चालतो. या फेरीत फक्त हे जोडशब्द शोधा, गोल करा, आणि एका वाक्यात दोन गोल दिसले तर एक खोडा. कोणता खोडायचा, याची फार चिंता नको, दोन्ही पर्याय बहुधा चालतात.

याच फेरीत ‘दॅट’वरही नजर ठेवा. इथे एक अशी चूक आहे जी व्याकरणात दिसत नाही, पण अर्थ उलटा करते. ‘तो म्हणाला की मी उद्या येईन.’ मराठीत हे निर्मळ आहे, येणारा ‘तो’ आहे हे सगळ्यांना कळतं. तेच इंग्रजीत ‘ही सेड दॅट आय विल कम टुमारो’ झालं की येणारा मी झालो, म्हणजे लिहिणारा. मराठीत बोलणाऱ्याचा ‘मी’ जसाच्या तसा ठेवता येतो. इंग्रजीत अवतरणचिन्ह नसेल तर तो आपल्या बाजूने बदलून घ्यावा लागतो: ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.’ दोन मित्रांच्या भांडणाची हकिकत एका परिच्छेदात लिहून बघा. कोण कुणाला काय म्हणाला, याचा असा काही गुंता होतो की आपल्यालाच हसू येतं. हे जमत नसेल तोवर सरळ अवतरणचिन्हं वापरा: ही सेड, “आय विल कम टुमारो.” त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्नांचं गाडंही इथेच उलटतं. ‘तू का येत नाहीस?’ यात मराठी शब्द जागा बदलत नाहीत, म्हणून ‘व्हाय यू आर नॉट कमिंग?’ येतं. प्रश्न थेट असेल तर क्रियापद आधी: ‘व्हाय आर यू नॉट कमिंग?’ पण तोच प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की पुन्हा सरळ: ‘आय डोन्ट नो व्हाय यू आर नॉट कमिंग.’ आपली मुलं नेमकं उलट करतात. थेट विचारताना सरळ लिहितात आणि पोटात उलटं: ‘टेल मी व्हेअर इज द बस स्टँड.’ तिथे हवं ‘व्हेअर द बस स्टँड इज’. शेवटी प्रश्नचिन्ह आहे का बघा. असेल तर उलटं, नसेल तर सरळ. शंभरात नव्वद वेळा एवढं पुरतं.

चौथी फेरी: ला, त, वर, शी

आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यांची शब्दयोगी अव्ययं सुटी राहतात. आणि ‘ला’ दिसला की हात ‘टु’ लिहितो. ‘त्याला सांगितलं’, म्हणून ‘आय टोल्ड टु हिम’. ‘सरांना विचारलं’, म्हणून ‘आय आस्क्ड टु सर’. ‘जळगावला पोहोचलो’, म्हणून ‘आय रीच्ड टु जळगाव’. ‘घरी’ जाताना ‘गो टु होम’. या चारही ठिकाणी ‘टु’ नको. आणि जिथे हवा तिथे नेमका गाळला जातो: ‘लिसन टु द टीचर’, ‘एक्सप्लेन इट टु मी’.

यावर तर्क लढवू नका. क्रियापद त्याच्या शेपटीसकट पाठ करा, तेवढाच उपाय. ‘मॅरीड टु’, ‘विथ’ नाही. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. ‘एंटर’ला ‘इन’ लागत नाही. ‘वेट फॉर’. ‘आय रिक्वेस्ट यू’, ‘रिक्वेस्ट टु यू’ नाही. चुकांच्या वहीच्या मागच्या पानावर अशी यादी करत जा.

जागा सांगताना मात्र तर्क चालतो. गावाच्या आत असाल तर ‘इन’: ‘आय लिव्ह इन चाळीसगाव.’ गाव म्हणजे वाटेतला एक थांबा असेल तर ‘ॲट’: ‘द ट्रेन स्टॉप्स ॲट चाळीसगाव.’ वेळेचंही तसंच, घड्याळाला ‘ॲट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिन्याला आणि वर्षाला ‘इन’.

पाचवी फेरी: नामं आणि त्यांच्या पुढचं ‘अ’, ‘द’

ही फेरी मुद्दाम उशिरा ठेवली आहे. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ मराठीत नाहीतच, त्यामुळे ते सुटायला सगळ्यांत जास्त काळ लागतो, आणि चुकले तरी अर्थ सहसा बिघडत नाही. पहिल्याच महिन्यात आर्टिकलची पन्नास रिकाम्या जागांची कोष्टकं भरायला लावणारे शिक्षक मुलांचा उत्साह मारतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी एक चाचणी उपयोगी पडते. मराठी वाक्यात ‘एक’ किंवा ‘कोणतं तरी’ बसत असेल तर ‘अ’. ‘तो’, ‘ती’, ‘ते’ म्हणून बोट दाखवता येत असेल तर ‘द’. ‘एक माणूस आला. त्या माणसाने...’ म्हणजे ‘अ मॅन केम. द मॅन...’ धंदा-व्यवसायात ही चाचणी फसते. ‘बाबा शेतकरी आहेत’ यात आपण ‘एक’ म्हणत नाही, पण तिथे ‘अ’ लागतोच: ‘अ फार्मर’, ‘अ टीचर’. नद्यांना ‘द’: द तापी, द गिरणा, द पांझरा. गावांना काही नाही.

‘अ’ की ‘ॲन’, हे अक्षर बघून नाही, कानाने ठरवा. ‘यू’ अक्षर असूनही ‘अ युनिव्हर्सिटी’, कारण उच्चार ‘यु’ने सुरू होतो. ‘एच’ असूनही ‘ॲन अवर’. आणि आपली लाडकी ‘ॲन एस.टी. बस’, कारण तोंडातून आधी ‘ए’ निघतो.

नामांमध्ये दोनच गोष्टी बघा. ‘वन ऑफ माय’नंतर अनेकवचन: ‘वन ऑफ माय सिस्टर्स’. आणि काही शब्दांना ‘एस’ लावायचाच नाही: इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, लगेज, होमवर्क, इक्विपमेंट. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी कोशांत नामापुढे ‘सी’ किंवा ‘यू’ छापलेलं असतं. ‘सी’ म्हणजे मोजता येणारं, ‘यू’ म्हणजे न मोजता येणारं. अर्थ बघायला कोश उघडाल तेव्हा ते अक्षरही बघायची सवय लावा.

शेवटची फेरी: अक्षरं आणि खुणा

स्वल्पविराम-पूर्णविरामाचं फार शिकायला नको. मराठीने ही चिन्हं इंग्रजीकडूनच घेतली आणि एकोणिसाव्या शतकात ती आपल्याकडे रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. ती तुम्हाला येतात. येत नाहीत ती कॅपिटल अक्षरं, कारण देवनागरीत लहान-मोठं असं काही नसतं. वाक्याचं पहिलं अक्षर, ‘मी’ या अर्थाचा ‘आय’, माणसांची आणि गावांची नावं, वार, महिने, भाषांची नावं. एवढंच. ऋतूंना नाही, विषयांना नाही. मराठी-इंग्रजी-हिंदी यांना मात्र हवं, कारण त्या भाषा आहेत.

स्पेलिंगची मोठी यादी देत नाही. ज्यांनी अर्थ बदलतो तेवढेच शब्द आधी पक्के करा. वरच्या परिच्छेदातलं ‘आय लीव्ह इन होस्टेल’ बघा. राहणं म्हणजे ‘लिव्ह’, एल-आय-व्ही-ई. सोडून जाणं म्हणजे ‘लीव्ह’, एल-ई-ए-व्ही-ई. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ सैल सोडतो आणि लिहिताना होस्टेल सोडून निघतो. तसेच ‘मॅन’ आणि ‘मेन’, ‘दॅन’ आणि ‘देन’, ‘लूज’च्या दोन तऱ्हा. आपला ‘व’ एकच आणि त्यांचे दोन, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’, त्यामुळे ऐकून लिहिताना घोळ होतो. ‘रायटिंग’मध्ये ‘टी’ एकच. ‘स्टडिंग’मध्ये ‘वाय’ आणि ‘आय’ दोन्ही.

आता तो परिच्छेद पुन्हा वाचा:

‘माय फादर इज अ फार्मर. ही हॅज अ बनाना फार्म निअर रावेर. आय हॅव थ्री सिस्टर्स. वन ऑफ माय सिस्टर्स इज मॅरीड टु अ टीचर. आय हॅव बीन स्टडिंग इन जळगाव फॉर टू इयर्स. ऑल्दो आय लिव्ह इन अ होस्टेल, आय गो होम एव्हरी संडे. लास्ट वीक आय डिडन्ट गो बिकॉज द बस डिडन्ट कम.’

एकही अवघड शब्द वाढवलेला नाही. मुलाने सांगितलं तेच सांगितलं आहे.

अर्ज लिहिताना

कॉलेजात आल्यावर पहिलं खरं इंग्रजी लेखन म्हणजे बोनाफाईडचा अर्ज, तोही एस.टी.च्या पाससाठी. आणि तिथेच मुलं सगळ्यांत जड इंग्रजी काढतात: ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट दॅट मायसेल्फ...’ हे भीक मागणं साहेबाबरोबर जायला हवं होतं. ‘मायसेल्फ’ने नाव सांगू नका, ‘आय ॲम’ने सांगा. विषयाच्या ओळीत ‘रिगार्डिंग अबाउट’ नको, ‘रिक्वेस्ट फॉर अ बोनाफाईड सर्टिफिकेट’ लिहा. मग तीन वाक्यं: मी कोण, काय हवं, कशासाठी. ‘आय ॲम अ स्टुडंट ऑफ एफ.वाय.बी.एस्सी. आय नीड अ बोनाफाईड सर्टिफिकेट फॉर माय एस.टी. बस पास. आय रिक्वेस्ट यू टु इश्यू इट.’ खाली ‘युअर्स फेथफुली’, आणि त्या ‘युअर्स’मध्ये वरचा स्वल्पविराम घालायचा नाही. कितीतरी छापील नमुन्यांतही तो घातलेला असतो, तरीही नाही.

‘रिस्पेक्टेड सर’ला काही जण नाकं मुरडतात. आपल्याकडच्या ऑफिसात ते चालतं, चालू द्या. ‘कझिन ब्रदर’, ‘प्रीपोन’ हेही भारतात रुळलेलं इंग्रजी आहे, ‘प्रीपोन’ तर ऑक्सफर्डच्या कोशातही गेलाय. नव्या माणसाने अशा शब्दांवर वेळ घालवू नये. ‘डिडन्ट वेंट’ सुटेपर्यंत तर नाहीच.

मोबाइल कुठे वापरायचा

भाषांतराचं ॲप हाताशी असताना एवढा खटाटोप कशाला, असं प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतं. ॲप बहुतेक वेळा ठीक इंग्रजी देतं. पण तुम्ही मराठी घातलं आणि इंग्रजी उचललं, तर तुमची चूक कुठे होती हे कळत नाही, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये ॲप नसतं. क्रम उलटा करा. आधी स्वतः लिहा, फेऱ्या मारा, मग तेच वाक्य ॲपला विचारा आणि दोन्हींतला फरक लाल पेनाने वहीत उतरवा. स्पेलिंग तपासणाऱ्या सोयीवरही फार विसंबू नका. ‘आय लीव्ह इन जळगाव’मधला प्रत्येक शब्द सुटा बरोबर आहे, त्यामुळे नुसतं स्पेलिंग तपासणारं यंत्र त्याखाली लाल रेघ मारत नाही.

महिन्याने वही उघडून स्वतःच्या चुका मोजा. सगळ्या चुका सगळ्यांच्या नसतात. कुणाचा ‘पासून’ सुटत नाही, कुणाची जरी-तरीची जोडी सुटत नाही. ज्या दोन-तीन सारख्या येतात, त्यांचीच फेरी पुढे चालू ठेवा, बाकीच्या बंद केल्या तरी चालतील.

परीक्षेत सहा फेऱ्यांना वेळ मिळत नाही. शेवटची दहा मिनिटं राखा आणि दोनच फेऱ्या मारा: क्रियापदांची आणि जोडशब्दांची. खाडाखोड करायची तर चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ मारून वर बरोबर शब्द लिहा, गिरवून काळं करू नका. ‘अ’ आणि ‘द’कडे त्या दहा मिनिटांत बघूही नका, घाईत ते घालायला गेलात तर बरोबर होते तेही चुकवाल.